फॅमिली पार्कात काय घालायचं, हे ठरवतं कोण?



वॉटर पार्कच्या तिकीट खिडकीजवळ एक पाटी हमखास दिसते. पाण्यात फक्त नायलॉनचे कपडे, साडी, सलवार आणि जीन्स चालणार नाही. आणि बऱ्याच ठिकाणी तिच्याच शेजारी दुसरी सूचना असते: हे कौटुंबिक ठिकाण आहे, सभ्य पोशाखात यावे. आता बघा, पहिली पाटी सांगते की साडी काढून अंगाला चिकटणारे कपडे घाला आणि दुसरी सांगते की सभ्य दिसा. घरातली आजी या दोन्ही पाट्या वाचते आणि पिशव्या सांभाळत काठावर बसते.

आजच्या भागात आपण या दोन पाट्यांचा इतिहास बघणार आहोत. त्यासाठी आधी चंदीगडला जाऊ. कारण तिथे आणि आसपास, दोन वर्षांच्या आत, या दोन्ही प्रकारच्या नियमांची परीक्षा झाली.

चंदीगड हे कागदावर आखून वसवलेलं शहर. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए या कामावर आला. जुन्या परंपरांच्या ओझ्यातून मोकळं असं शहर नेहरूंना हवं होतं. इथे सहकुटुंब फिरायच्या जागाही विचार करून केलेल्या. १९५८ मध्ये सुखना नाला अडवून तलाव केला. तिथे शांतता राहावी, मोटारबोटी नसाव्यात, असा कॉर्ब्युझिएचा आग्रह होता. शहराच्या नागरिकांसाठी त्याने एक आज्ञापत्रही लिहून ठेवलं. त्यात झाडांबद्दल आहे, व्यक्तींचे पुतळे नकोत हे आहे. कपड्यांबद्दल काही नाही.

आणि १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलेलं नेक चंद यांचं रॉक गार्डन! सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या या रस्ते निरीक्षकाने टाकाऊ मालातून शेकडो मूर्ती घडवल्या. त्यातल्या कित्येक बायकांच्या अंगावरचे कपडे फुटलेल्या बांगड्यांच्या काचांचे आहेत. बागेतली दारं मात्र मुद्दाम बुटकी. घागरा असो की सूट, आत जाताना प्रत्येकाला वाकावंच लागतं.

अशा या शहरात एप्रिल २०१६ मध्ये सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांवर नियंत्रण ठेवणारं नवं धोरण लागू झालं. रोख मुख्यतः डिस्को आणि बारवर होता. ते रात्री दोनऐवजी बारालाच बंद करायचे होते. पण गाजला तो त्यातला दुसराच भाग. तोकड्या कपड्यांतल्या स्त्रियांचं प्रदर्शन किंवा जाहिरात असभ्यतेत धरली होती, आणि ही असभ्यता परवानगी नाकारण्याच्या कारणांत होती. त्याच कारणांत राजद्रोही आणि राजकीय असंतोष माजवणारे कार्यक्रमही होते. म्हणजे गुडघ्याच्या वरचा स्कर्ट आणि राजद्रोह एका पंगतीत! वर्तमानपत्रांनी मथळे दिले: चंदीगडमध्ये मिनी स्कर्टवर बंदी.

तोकडं म्हणजे किती तोकडं? हे कोण मोजणार? असा शब्द नियमात आला की पट्टी अधिकाऱ्याच्या हातात जाते.

मंडळी, करमणुकीच्या जागा आणि कपडे यांचं हे भांडण जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते नेहमी एकाच दिशेने चाललेलं नाही. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यूने १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क सुरू केला. तिथे एक खेळ असा होता की लोक एका मंचावरून जाऊ लागले की खालून हवेचा झोत यायचा, पुरुषांच्या टोप्या उडायच्या, बायकांचे झगे वर जायचे. समोर बाकांवर बसलेले लोक हसायचे. त्या काळात रस्त्यावर घोटा दिसला तरी कुजबुज व्हायची, पण कुंपणाच्या आत तोच प्रकार तिकिटात धरलेली करमणूक होती. बाईने स्वतःहून आखूड झगा घातला तर निर्लज्जपणा, आणि मालकाने यंत्र लावून उडवला तर गंमत.

आपल्याकडचं उदाहरण १९३८ सालचं. आचार्य अत्रे यांचं लेखन, मास्टर विनायक यांचं दिग्दर्शन आणि कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा सिनेमा, ‘ब्रह्मचारी’. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरतात. महाराष्ट्रात केवढा गदारोळ! टीका झाली आणि थिएटरंही भरली. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या तरुणाची थट्टा करणारा हा सिनेमा, म्हणजे विनोद बघणाऱ्याच्या नजरेवर होता. लोक बोलले मात्र बाईच्या पोशाखाबद्दल.

आता पहिल्या पाटीकडे येऊ, नायलॉनच्या. तिचं नातं लाजेशी नाही, कापडाशी आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, त्याचे धागे सुटतात आणि गाळणीत अडकतात. कच्चा रंग पाण्यात उतरतो. जीन्सची चेन, बटणं, जरीचा काठ घसरगुंडीच्या फायबरला ओरखडे पाडतात. सुटा पदर किंवा ओढणी घसरताना गळ्याभोवती किंवा पायात अडकू शकते. तुम्ही म्हणाल, आमच्या आज्या चंद्रभागेत नऊवारीसकट स्नान करत आल्या. खरं आहे. पण नदीत माणूस उभं राहून बुडी मारतं. घसरगुंडीवरून ते वेगाने खाली येतं, त्याच्या मागोमाग दुसरं येतं. साडी पाण्यात चालते, वेगात चालत नाही.

नायलॉन आलं १९३० च्या दशकात आणि अंगाबरोबर ताणला जाणारा लायक्रा धागा १९५८ मध्ये, दोन्ही ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळांतून. पाणी न पिणारे, पटकन वाळणारे हे धागे नसते तर वॉटर पार्क आजच्यासारखा चालला नसता. आणि हे लक्षात घ्या, नायलॉनच्या नियमात अंग किती उघडं ठेवायचं याचा एक शब्दही नाही. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत पाय, डोक्याला टोपी, असा पोशाखही त्यात बसतो. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये अहेदा झनेट्टी यांनी नेमकं हेच केलं आणि बुर्किनी तयार झाली.

तिचं पुढे काय झालं? २०१६ च्याच उन्हाळ्यात फ्रान्समधल्या अनेक समुद्रकाठच्या गावांनी तिच्यावर बंदी घातली. एका गावाची बंदी २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केली. म्हणजे एकाच वर्षी चंदीगडमध्ये आक्षेप कमी कपड्यांवर आणि फ्रान्समध्ये जास्त कपड्यांवर. कापड बदललं, देश बदलला, पण ज्यांच्या अंगावर नियम बसवायचा त्या बायकाच राहिल्या.

आणि आता या गोष्टीचा जड भाग. चंदीगडहून शिमल्याच्या वाटेवर, वीसेक किलोमीटरवर पिंजोर आहे, मुघल काळातल्या बागेचं गाव. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या एका करमणूक पार्कात कुटुंबासह आलेल्या एका महिलेचे केस गो-कार्टच्या चाकात अडकले आणि तिचा जीव गेला. धावतं चाक सुटी वस्तू ओढून घेतं, मग ते केस असोत, ओढणी असो की मफलर. हे जगाला तेव्हाही नवं नव्हतं. १४ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समधल्या नीस शहरात नृत्यांगना इझाडोरा डंकन यांचा लांब रुमाल मोटारीच्या चाकात गुंतला आणि त्या गेल्या.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. स्कर्टच्या लांबीवर देशभर चर्चा झाली. गाडीत बसण्याआधी केस बांधलेत का, टोपी घातली का, ओढणी काढून ठेवली का, हे दर वेळी, दर माणसाला, हात लावून बघणाऱ्या माणसाबद्दल तेवढी चर्चा कधी होते? कपड्याचा जो नियम जीव वाचवतो तो कंटाळवाणा असतो, म्हणून पाटीवर राहतो. जो नजरेला सांभाळतो त्याच्यावर मथळे येतात.

शेवटचं उदाहरण आपल्या विदर्भातलं. मे २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात उमरेड तालुक्यातल्या तिरखुरा इथे एका रिसॉर्ट आणि वॉटर पार्कच्या सभागृहावर पोलिसांनी छापा घातला. तोकड्या कपड्यांत बायका नाचत होत्या आणि लोक बघत होते, म्हणून अश्लीलतेचा गुन्हा. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बघणाऱ्यांवरचा तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की आजच्या समाजात स्त्रिया असे कपडे घालतात, पोहण्याचा पोशाख घालतात, सिनेमात आणि सौंदर्यस्पर्धांत ते सर्रास दिसतं. नुसत्या आखूड कपड्यांना अश्लील म्हणणं म्हणजे मागे जाणं होईल. १९३८ च्या गदारोळानंतर पंच्याऐंशी वर्षांनी हे शब्द निकालात आले.

तेव्हा मंडळी, पार्कात काय घालायचं याचं माझं उत्तर सोपं आहे. नियम वाचताना एकच प्रश्न विचारा: हा नियम घालणाऱ्याला सांभाळतो की बघणाऱ्याला? घालणाऱ्याला सांभाळत असेल तर बिनतक्रार पाळा. ओढणी काढा, केस बांधा, सुती कपडे बदला. आणि आजी काठावर बसली असेल तर तिला सांगा, पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाखही मिळतो, कित्येक ठिकाणी भाड्यानेसुद्धा. पिशव्या सांभाळायला लॉकर आहे. पाण्यावर तिचाही तेवढाच हक्क आहे.