लोणारचें विवर आणि चंद्राचें भूवृत्त

शेंदूरजनाघाट येथें संत्र्याच्या बागेंत विहीर खणूं लागलें कीं, माती संपून बहुधा काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट, सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा थिजलेला थर. चंद्रावर जे काळसर डाग दिसतात तेही याच जातीच्या पाषाणाचे आहेत, हें १९६९ सालीं अपोलो-११ नें आणलेल्या दगडांनीं सिद्ध केलें. परंतु जेथें हात पोहोंचत नाहीं, तेथील भूमीचें वृत्त कसें वाचावें? ह्या प्रश्नाच्या इतिहासांत आपल्या वऱ्हाडासही स्थान आहे. तें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारमुळें.

सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या ह्या विवराची नोंद अलेक्झांडर नामक ब्रिटिश अधिकाऱ्यानें १८२३ सालीं केली. चोहोंकडे लाव्हाचा खडक. तेव्हां हें ज्वालामुखीचेंच कार्य, असें पुढें बहुतेकांनीं मानलें. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ह्यांची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. चंद्रावरील खड्डे आघातानें झाले, असें त्यांनीं १८९३ सालीं प्रतिपादिलें. पण आरिझोनांतील तसाच एक खड्डा तपासतांना पुरलेला लोखंडी गोळा त्यांस चुंबकसूचीनें सांपडेना; म्हणून १८९६ सालीं, त्याचें लोणारशीं साम्य दाखवून, तो वाफेच्या स्फोटाचा असल्याचें त्यांनीं ठरविलें. आघातसमयीं गोळा बहुतांशीं वितळून व चूर्ण होऊन विखुरतो, हें ज्ञान तेव्हां नव्हतें. दूरच्या चंद्राविषयीं अचूक ठरलेली दृष्टि पायांखालच्या खड्ड्याविषयीं चुकली!

लोणारचा निकाल १९७३ सालीं लागला. तळाखालून छिद्र घेऊन काढलेल्या खडकांत फ्रेड्रिकसन व त्यांच्या भारतीय आणि अमेरिकन सहकाऱ्यांस मास्केलिनाइट आढळलें. प्रचंड दाबाच्या धक्क्यानें फेल्डस्पार खनिजाचें न वितळतां होणारें हें काचरूप होय. असा दाब ज्वालामुखी निर्माण करूं शकत नाहीं. आकृतीनें जें दीडशें वर्षें ठरलें नाहीं, तें एका खनिजानें ठरविलें.

दूरस्थ ग्रहांचा अभ्यासही ह्याच न्यायानें चालतो. प्रत्येक खनिज परावर्तित प्रकाशांतील ठराविक अंश गिळतें. पायरॉक्सिनची खूण एक मायक्रॉनच्या आसपास, अवरक्त भागांत उमटते. २००८ सालीं निघालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणानें अशाच खुणांवरून चंद्रपृष्ठावर जलांश असल्याचें दाखविलें. परंतु ही लिपी प्रथम हातांतील दगडावरच शिकावी लागते. चंद्र व मंगळ ह्यांवरील बेसाल्टांत झालेल्या आघातांची तुलना करण्यास, बेसाल्टांतच झालेलें व सुस्थितींत राहिलेलें लोणारसारखें विवर पृथ्वीवर विरळाच.

२०२० सालीं लोणार सरोवर रामसर स्थळांच्या यादींत आलें. तो मान पाणथळ जागेचा आहे. कांठावर उसळून पडलेल्या दगडांसही तोच आदर मिळाला पाहिजे. कारण तो दगड आपल्या विहिरींतील दगडासारखाच दिसला, तरी तो मूळच्या जागेवरून हलला कीं साक्ष बुडाली.