अमेरिकेतील उच्च शिक्षणाची पूर्वतयारी : आनंदीबाई जोशी ते ताडकळसचा विद्यार्थी – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. अशा गावातून आलेला विद्यार्थी अमेरिकेतील विद्यापीठात शिकण्याची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा परीक्षा, अर्ज, शिफारसपत्रे, आर्थिक हमी आणि व्हिसा यांची एक लांबलचक यादी त्याच्यासमोर उभी राहते. ही यादी स्वाभाविक व अपरिहार्य आहे असे आपण मानतो. वस्तुतः तिला सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि या काळात यादीतील बाबींपेक्षा त्यांचा क्रम अधिक बदलला आहे. कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, यावर धोका कोणी पत्करावयाचा हे ठरते. महाराष्ट्रातील काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे या क्रमातील बदल तपासणे आणि त्यातून मराठवाड्यातील महाविद्यालयांवर कोणती जबाबदारी येते याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आनंदीबाई जोशी : आधी प्रवास, नंतर प्रवेश

३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव जोशी यांनी कोल्हापूर येथून रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डर यांनी धर्मांतराची सूचना केली, ती गोपाळरावांनी स्वीकारली नाही. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये तो न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यातून आनंदीबाई व कार्पेंटरबाई यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि आनंदीबाईंना परदेशात हक्काचे घर मिळाले.

दुसरी तयारी सामाजिक संमतीची होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर सभेत भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, भारतात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का जावयाचे, परतल्यावर समाज बहिष्कृत करील काय, अशा आक्षेपांना त्यांनी प्रश्नवार उत्तरे दिली. आज विद्यार्थ्याकडून मागितले जाणारे उद्देशपत्र परक्या समितीसाठी लिहिलेले असते. आनंदीबाईंचे उद्देशपत्र स्वतःच्या समाजासमोर तोंडी मांडलेले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, फिलाडेल्फिया येथील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे प्रवेशासाठी त्यांनी विनंतीपत्र लिहिले ते अमेरिकेत उतरल्यानंतर, जून महिन्याच्या अखेरीस. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही देऊ केली. म्हणजेच प्रवास, प्रवेश आणि अर्थसाहाय्य असा हा क्रम होता. सारा धोका विद्यार्थिनीने स्वतः पत्करला होता, आणि त्याची किंमत मोठी ठरली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाईंचे क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निधन झाले. आहार, हवामान व आरोग्य यांची तयारी त्या काळी कोणाच्याच यादीत नव्हती.

केतकर व खानखोजे : स्वावलंबनाचा मार्ग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन वेगळी उदाहरणे आढळतात. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झाले. भारतातील जातिव्यवस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ मध्ये, म्हणजे विद्यार्थिदशेतच, प्रसिद्ध झाला. वर्ध्याकडील पांडुरंग खानखोजे यांनी कष्टाची कामे करीत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथून पदव्युत्तर पदवी मिळविली आणि नंतर मेक्सिकोत कृषिसंशोधक म्हणून नाव कमावले. आधी जाऊन पोहोचावे आणि मग शिकण्याची सोय करावी, हा मार्ग खानखोजे यांच्या पिढीला अद्याप खुला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर : आधी हमी, नंतर प्रवास

डॉ. आंबेडकरांच्या उदाहरणात क्रम बदलतो. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली असता केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शिफारसपत्र म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात क्वचितच सापडेल.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये बी.ए. झाल्यानंतर २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांच्या वडिलांचे निधन झाले. सयाजीरावांनी १९०६ मध्ये अमेरिकेचा दौरा केला होता आणि बडोद्यातील ग्रंथालयांच्या उभारणीसाठी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले होते. बडोद्याला अमेरिका अपरिचित नव्हती. ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. त्यानुसार तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते आणि त्याबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावयाची होती. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींविषयीचा प्रसिद्ध निबंध त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला. त्या निबंधात केतकरांच्या व्याख्येची दखल घेतलेली आहे. आधी गेलेल्याचे लेखन नंतर जाणाऱ्याची शिदोरी कसे होते, हे येथे दिसते.

या क्रमात अर्थसाहाय्य प्रथम, प्रवास नंतर. धोक्याचा मोठा भाग संस्थानाने उचलला. दहा वर्षांच्या सेवेची अट विद्यार्थ्यासाठी जड होती, हेही तितकेच खरे. तथापि प्रवेशाचे पत्र हाती नाही म्हणून मदत नाही, अशी अडवणूक तेथे नव्हती.

कायद्याने बदललेला क्रम

हा क्रम पुढे उलटला, त्यामागे अमेरिकेचे स्थलांतरविषयक कायदे आहेत. आनंदीबाई गेल्या तेव्हा विद्यार्थी व्हिसा ही संकल्पनाच नव्हती. १९१७ च्या कायद्याने आशियातील मोठ्या भूभागातील लोकांना प्रवेशबंदी केली. भारताचा त्यात समावेश होता, परंतु विद्यार्थ्यांना सूट होती. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वर्ग मानला आणि शासनमान्य संस्थेत शिकण्याच्या निश्चित हेतूने येणाऱ्यासच तो लागू केला. १९५२ च्या कायद्यातून एफ-१ हा वर्ग रूढ झाला. २००१ नंतर सुरक्षेच्या कारणास्तव परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीची सेव्हिस ही संगणकीय प्रणाली आली, ती २००३ पासून कार्यान्वित झाली. दरम्यान १९६४ मध्ये टोफेल ही इंग्रजीची परीक्षा सुरू झाली. परिणामी प्रवेश ही पहिली अट ठरली आणि प्रवास ही शेवटची पायरी झाली.

मराठवाड्याचा संदर्भ

हा बदल घडत होता तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधराला इंग्रजी आणि शिक्षकांचा परिचय यांतून जो मार्ग दिसे, तो येथील मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीच्या पलीकडे राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. औरंगाबाद येथे १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. कोलंबियात शिकलेल्या माणसाने मराठवाड्यात महाविद्यालय काढावे, ही घटना या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९७२ मध्ये परभणीचे कृषी विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पदवीपर्यंतची वाट अशा रीतीने गावाजवळ आली.

आजचा क्रम आणि त्यातील अडसर

२०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. परंतु या आकड्यातून ताडकळसच्या विद्यार्थ्याची अडचण दिसत नाही. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी अनेक विद्यापीठांचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बंद होतात. म्हणजे तयारी किमान दीड वर्ष आधी, पदवीच्या उपांत्य वर्षात सुरू व्हावी लागते. तीन वर्षांच्या पदवीला अमेरिकेतील सर्वच विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानीत नाहीत. त्यामुळे कृषी वा अभियांत्रिकीच्या पदवीधरापेक्षा कला, विज्ञान व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास अधिक शोध घ्यावा लागतो. प्रवेश मिळाल्यावर किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविल्याशिवाय आय-२० हे प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याशिवाय मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील मुलाखतीस अर्थ उरत नाही.

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या योजनांचे मोल मोठे आहे. परंतु जागतिक क्रमवारीत स्थान असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळणे ही त्यांची अट आहे. १९१३ मध्ये हमी आधी मिळाली होती, आज ती प्रवेशानंतर मिळते. परीक्षा शुल्क, अर्ज शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च निर्धन विद्यार्थ्यास मदतीच्या आधीच करावा लागतो. बहुसंख्य विद्यार्थी गळतात ते या पहिल्या टप्प्यावर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निष्कर्ष

१. अमेरिकेतील शिक्षणाच्या पूर्वतयारीत माहिती, ओळख, पैसा आणि संमती हे चार घटक प्रारंभापासून कायम आहेत. त्यांचा क्रम मात्र प्रवास-प्रवेश-पैसा, पैसा-प्रवास-प्रवेश आणि प्रवेश-पैसा-प्रवास असा बदलत गेला.

२. क्रम बदलला तसा धोकाही सरकला. आनंदीबाईंनी तो परदेशात भोगला, आंबेडकरांच्या वेळी संस्थानाने त्यात वाटा उचलला, आज तो विद्यार्थी गाव सोडण्यापूर्वीच त्याच्यावर येतो.

३. ज्या टप्प्यावर आज धोका आहे, त्या टप्प्यावर विद्यार्थ्याजवळ असणारी संस्था एकच, ती म्हणजे त्याचे महाविद्यालय. अभ्यासक्रमाचा इंग्रजी तपशील, वेळेवर मिळणारे गुणपत्रक आणि विद्यार्थ्याला खरोखर ओळखणाऱ्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र यांसाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. छापील साच्यातील दोन ओळींचे शिफारसपत्र विद्यार्थ्याचे नुकसान करते, हे आपण प्राध्यापकांनी मान्य केले पाहिजे.

कार्पेंटरबाई आणि केळुसकर गुरुजी या दोघांकडेही अधिकारपद नव्हते. एकीने पत्राला उत्तर दिले, दुसऱ्याने योग्य ठिकाणी शब्द टाकला. ताडकळसहून येणारा विद्यार्थी उद्या आपल्या विभागाच्या दारात उभा राहील, तेव्हा त्याची अपेक्षा याहून मोठी नसेल.