वंश, पक्षनिष्ठा आणि निवडून येण्याची क्षमता : अमेरिकेतील गव्हर्नरपदाच्या निवडणुकांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : वंश, पक्षनिष्ठा, उमेदवारी, गव्हर्नर, व्हर्जिनिया, ब्रॅडली परिणाम

प्रस्तावना

भारतात राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र प्रत्येक राज्याचा गव्हर्नर तेथील मतदार थेट निवडून देतात. अंदाजपत्रक, विधेयकावरील नकाराधिकार आणि महत्त्वाच्या नेमणुका यांची सूत्रे त्याच्या हाती असल्यामुळे हे पद भारतातील राज्यपालपदापेक्षा मुख्यमंत्रिपदाला अधिक जवळचे आहे. म्हणून प्रस्तुत निबंधात 'गव्हर्नर' हीच संज्ञा कायम ठेवली आहे.

अमेरिकेने २००८ आणि २०१२ या दोन्ही निवडणुकांत बराक ओबामा यांना अध्यक्षपदी निवडून दिले. काँग्रेसमध्ये आणि महानगरांच्या महापौरपदांवर कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी गेली अनेक दशके दिसतात. तरीही २०२५ अखेरपर्यंत ५० राज्यांच्या इतिहासात केवळ तीन कृष्णवर्णीय व्यक्ती गव्हर्नरपदी निवडून आल्या : व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर (१९८९), मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हल पॅट्रिक (२००६ व २०१०) आणि मेरीलँडमध्ये वेस मूर (२०२२). कोणतीही कृष्णवर्णीय स्त्री या पदावर निवडून आलेली नाही.

या विषमतेचे स्पष्टीकरण बहुधा 'निवडून येण्याची क्षमता' या शब्दांत दिले जाते. मराठी राजकीय परिभाषेत यालाच 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हटले जाते. ही क्षमता उमेदवाराच्या ठायी असलेला गुण आहे, की मतदानापूर्वीच पक्षाने दिलेला निवाडा आहे, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पुनर्रचनेचा काळ : उमेदवारीचा उंबरठा

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि हा नवा मतदारवर्ग लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी एकनिष्ठ राहिला. लुइझियानात लोकसंख्येचा सुमारे निम्मा भाग कृष्णवर्णीय होता. तेथे १८६८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात फ्रान्सिस ड्यूमास या मिश्रवंशीय नेत्याची गव्हर्नरपदाची उमेदवारी अवघ्या दोन मतांनी हुकली. ती हेन्री क्ले वॉर्मथ या श्वेतवर्णीय नेत्याकडे गेली. दुय्यम पद, म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नरपद, मात्र ऑस्कर डन या कृष्णवर्णीय नेत्याला मिळाले. मते कृष्णवर्णीयांची आणि सर्वोच्च पद श्वेतवर्णीयाचे, अशी ही वाटणी होती.

डन यांच्या मृत्यूनंतर पी. बी. एस. पिंचबॅक त्या दुय्यम पदावर आले. वॉर्मथ यांच्यावर महाभियोग दाखल झाल्यामुळे डिसेंबर १८७२ ते जानेवारी १८७३ असे सुमारे पाच आठवडे त्यांनी गव्हर्नरपदाचा कार्यभार सांभाळला. देशातील हे पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर मतपेटीतून नव्हे, तर उत्तराधिकाराच्या नियमातून आले. पुढे मतदान कर, साक्षरता चाचण्या आणि केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या पक्षांतर्गत निवडणुका यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ नाहीसा केला. १९४४ च्या 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' निकालाने गोऱ्यांच्या पक्षांतर्गत निवडणुका अवैध ठरल्या आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने उरलेले अडथळे दूर करण्यास बळ मिळाले. दरम्यान पक्षनिष्ठेची दिशा पालटली होती. कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे आला आणि दक्षिणेतील श्वेतवर्णीय मतदार क्रमाक्रमाने रिपब्लिकन पक्षाकडे सरकू लागला.

कॅलिफोर्निया, १९८२

टॉम ब्रॅडली १९७३ पासून लॉस एंजेलिसचे महापौर होते. १९८२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली. जनमत चाचण्यांत ते आघाडीवर होते आणि मतदानाच्या दिवशीही त्यांच्या विजयाचे अंदाज वर्तवले गेले. प्रत्यक्षात सुमारे ७८ लाख मतांपैकी सुमारे ९३ हजार मतांनी रिपब्लिकन जॉर्ज ड्यूकमेजियन विजयी झाले. श्वेतवर्णीय मतदार चाचणीत एक सांगतो आणि मतदान वेगळे करतो, या अनुमानाला 'ब्रॅडली परिणाम' हे नाव पडले.

हे अनुमान तपासून घेणे आवश्यक आहे. त्याच मतपत्रिकेवर हातबंदुकांवरील नियंत्रणाचा प्रस्ताव होता. तो विरोधी मतदारांना ग्रामीण भागातून मोठ्या संख्येने मतदानकेंद्रापर्यंत घेऊन आला. प्रत्यक्ष केंद्रांवर झालेल्या मतदानात ब्रॅडली पुढे होते. टपाली मतांनी, ज्यांवर रिपब्लिकन पक्षाने पद्धतशीर परिश्रम घेतले होते, पारडे फिरवले. तथापि या कारणांमुळे वंशाचा घटक नाहीसा होत नाही. प्रचारकाळात ड्यूकमेजियन यांच्या प्रचारप्रमुखाने चाचण्यांत न दिसणाऱ्या वांशिक मतांचा उल्लेख केला आणि त्यावरून त्याला पद सोडावे लागले. एवढ्या निसटत्या लढतीत थोड्याच निष्ठावंतांचे पक्षांतर निर्णायक ठरते, हा या निवडणुकीचा धडा होय.

व्हर्जिनिया, १९८९

रिचमंड ही यादवी युद्धातील बंडखोर राज्यसंघाची राजधानी. याच शहरात १९३१ मध्ये गुलामांच्या नातवाचा, डग्लस वाइल्डर यांचा जन्म झाला. कोरियन युद्धातील शौर्यपदक आणि हॉवर्ड विद्यापीठातील कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले. १९६९ मध्ये ते पुनर्रचनेच्या काळानंतरचे व्हर्जिनियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. राज्यगीतात गुलामगिरीचे गोडवे गायिले असल्याचा आक्षेप त्यांनी सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात घेतला.

त्यांच्या वाटचालीतील निर्णायक प्रसंग मात्र १९८२ चा आहे. त्या वर्षी देशाच्या सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी ओवेन पिकेट यांच्याकडे जाणार होती. पिकेट यांनी आपल्या घोषणेत बर्ड घराण्याच्या परंपरेचा गौरव केला. शाळांतील वांशिक एकीकरणाला १९५० च्या दशकात 'सर्वंकष प्रतिकार' करणारी हीच ती परंपरा होती. पिकेट उभे राहिल्यास आपण अपक्ष लढू, असे वाइल्डर यांनी जाहीर केले. कृष्णवर्णीय मते फुटली तर पक्षाचा पराभव अटळ होता. पिकेट यांना माघार घ्यावी लागली. पक्षाने गृहीत धरलेली निष्ठा सशर्त असू शकते, हे वाइल्डर यांनी या एका कृतीने सिद्ध केले. पुढील उमेदवाऱ्यांच्या वाटाघाटीत त्यांना मिळालेले वजन या पार्श्वभूमीवरच समजते.

१९८५ मध्ये ते लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी पुढे आले, तेव्हा त्यांच्यामुळे पक्षाचे अन्य उमेदवारही बुडतील, अशी भीती पक्षातूनच व्यक्त झाली. वाइल्डर यांनी मोटारीने राज्यभर दौरा केला. त्यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत एक श्वेतवर्णीय ग्रामीण पोलीस अधिकारी त्यांची शिफारस करीत होता. सुमारे ५२ टक्के मते मिळवून ते विजयी झाले. पक्षाचे अन्य उमेदवार बुडाले नाहीत. गव्हर्नरपदही पक्षाकडेच राहिले. भीतीचा आधार अनुभव नव्हता, केवळ अंदाज होता.

१९८९ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी त्यांना बिनविरोध मिळाली. याउलट रिपब्लिकन पक्षात तिरंगी लढत होऊन मार्शल कोलमन पुढे आले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातावर निर्बंध घालण्यास राज्यांना अधिक मुभा दिली. वाइल्डर यांनी हा प्रश्न शासनाच्या हस्तक्षेपाचा म्हणून मांडला आणि उपनगरांतील मध्यमवर्गीय श्वेतवर्णीय मतदारांना पक्षाशी जोडून ठेवले. पूर्वी विरोध केलेल्या मृत्युदंडाला ते आता पाठिंबा देत होते. वंशाचा विषय ते स्वतः क्वचितच काढत.

७ नोव्हेंबर रोजी चाचण्यांनी त्यांना स्पष्ट आघाडी दाखवली. मतदानोत्तर चाचणीत तर ती सुमारे १० टक्क्यांची होती. प्रत्यक्षात सुमारे १७.९ लाख मतांत त्यांचे मताधिक्य सात हजारांहून कमी भरले आणि फेरमोजणी करावी लागली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच पक्षाच्या डॉन बेयर यांना लेफ्टनंट गव्हर्नरपदी सुमारे ५४ टक्के आणि मेरी स्यू टेरी यांना महाधिवक्तापदी सुमारे ६३ टक्के मते दिली. टेरी त्या पदावर आधीपासून असल्याने त्यांची तुलना सावधपणे करावी लागते. बेयर मात्र प्रथमच निवडणूक लढवीत होते. वाइल्डर आणि बेयर यांच्या मतांतील सुमारे चार टक्क्यांच्या अंतरात वंशाचा वाटा नेमका किती, हे सांगता येत नाही. परंतु पक्षनिष्ठा कुठे गळू लागते, याची खूण ते अंतर दाखवते. पक्षनिष्ठा पुरली, पण जेमतेम.

यशाची किंमतही नोंदवणे आवश्यक आहे. राज्यगीतावर आक्षेप घेणाऱ्या सिनेटरला गव्हर्नर होण्यासाठी तो सूर आवरावा लागला. सत्तेवर आल्यावर त्यांची ओळख प्रामुख्याने काटकसरीचा प्रशासक अशी झाली. तरीही १९९० मध्ये त्यांनी राज्याच्या संस्थांना वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील गुंतवणूक काढून घेण्याचा आदेश दिला.

नंतरची साडेतीन दशके

१९९१ मध्ये लुइझियानात पक्षनिष्ठेची उलटी परीक्षा झाली. कू क्लक्स क्लॅनचा माजी नेता डेव्हिड ड्यूक रिपब्लिकन म्हणून अंतिम फेरीत पोहोचला. पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वाने त्याला झिडकारले, तरी त्याला सुमारे ३९ टक्के आणि श्वेतवर्णीयांची बहुसंख्य मते मिळाली. एकजूट झालेली कृष्णवर्णीय मते आणि पक्ष बाजूला ठेवणारे श्वेतवर्णीय अल्पसंख्य यांच्यामुळे डेमोक्रॅटिक एडविन एडवर्ड्स विजयी झाले. याच राज्यात भारतीय वंशाचे रिपब्लिकन बॉबी जिंदल २००३ मध्ये सुमारे चार टक्क्यांनी हरले आणि २००७ मध्ये पहिल्याच फेरीत जिंकले. वंशाचा अडथळा सर्व गौरेतरांसाठी सारखा नसतो, हेही यावरून दिसते.

चाचण्या व निकाल यांतील तफावत पुढे ओसरली. डॅनियल हॉपकिन्स यांनी १९८९ ते २००६ या काळातील निवडणुकांचा अभ्यास करून १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ती आढळत नसल्याचे दाखवले. पक्षनिष्ठा मात्र अधिक कठोर झाली. २००६ मध्ये ओहायोत केन ब्लॅकवेल आणि पेनसिल्व्हेनियात लिन स्वॉन या कृष्णवर्णीय रिपब्लिकन उमेदवारांचा मोठा पराभव झाला. बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक मॅसॅच्युसेट्सने पॅट्रिक यांना निवडले. २०१८ मध्ये समतोल फ्लोरिडात अँड्र्यू गिलम अर्ध्या टक्क्याहून कमी आणि जॉर्जियात स्टेसी अ‍ॅब्रम्स सुमारे दीड टक्क्याने हरले. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक मेरीलँडमध्ये मूर यांना सुमारे ६५ टक्के मते मिळाली. २०२५ मध्ये व्हर्जिनियात कृष्णवर्णीय रिपब्लिकन विन्सम अर्ल-सीअर्स यांचा अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी पराभव केला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, कृष्णवर्णीय उमेदवाराचा पहिला अडसर मतदार नसून उमेदवारीचा उंबरठा आहे. १८६८ च्या दोन मतांपासून १९८५ च्या भीतीपर्यंत तो दिसतो. दोन, आज वंशाचे मत बहुतांशी पक्षाच्या मतातून व्यक्त होते. म्हणून पक्षाचे प्राबल्य असलेल्या राज्यात विजय सुकर होतो, तर समतोल राज्यात थोडीशी गळतीही घातक ठरते. तीन, मतदारवर्गाची निष्ठा गृहीत धरली जाते तोवर त्याच्या नेत्यांना दुय्यम पदे मिळतात. ती सशर्त झाली की दार उघडते.

'निवडून येऊ शकत नाही' या कारणास्तव ज्याला उमेदवारीच मिळत नाही, त्याची क्षमता कधीच तपासली जात नाही आणि न तपासलेला निवाडा पुढील निवडणुकीत पुरावा म्हणून वापरला जातो. व्हर्जिनियात हे वर्तुळ तुटले, ते मतदारांचे मन एकाएकी बदलल्यामुळे नव्हे. १९८२ मध्ये एका नेत्याने आपल्या पक्षाला निष्ठेची किंमत विचारली होती, हे त्यामागील महत्त्वाचे कारण होते.