पिकअपचं नाक

गेल्या महिन्यात इथे कॅलिफोर्नियात एक जुना पिकअप घेतला. १ लाख १० हजार मैल पळालेला, पण तब्येत ठणठणीत. टीममधल्या पिकअपवेड्या मित्राने लगेच सल्ला दिला, "आधी इनटेक आणि फिल्टर बदल. पॉवर वाढेल, मायलेज पण वाढेल." खर्च साडेतीनशे डॉलर! एवढे पैसे खिशातून जाणार म्हटल्यावर थोडं वाचन आलंच. शनिवार त्यातच गेला, आणि हाती लागला तो इतिहास.

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९ हजार लिटर हवा लागते. त्या हवेतली धूळ आत गेली की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजतात. १९१५ साली यूटामधल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असाच धुळीपायी सारखा बंद पडत होता. ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसनने त्यासाठी तारेच्या पिंजऱ्याचा एक साधा फिल्टर बनवला. त्यातूनच उभी राहिलेली डोनाल्डसन कंपनी आजही फिल्टरच विकते.

मग आले ऑइल बाथ फिल्टर. खाली तेलाची वाटी, हवा तिच्यावरून झटकन वळते, जड धूळ तेलात पडते, उरलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते. आमच्या गावाकडच्या ट्रॅक्टरला हेच होतं. वाटीतला काळा चिखल खरवडायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं :) अमेरिकन गाड्यांत मात्र १९५० नंतर घड्यांचा कागदी फिल्टर पसरत गेला. मळला की फेकून द्या.

आता मित्राच्या लाडक्या फिल्टरकडे येऊ. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात तिहुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी शर्यत झाली. कॅलिफोर्नियात तेव्हा मातीतल्या रेसिंगचं वेड होतं. १९६९ मध्ये रिव्हरसाइडला केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड या मोटरसायकलवाल्यांनी 'के अँड एन' सुरू केली. त्यांचा फिल्टर म्हणजे जाळीत धरलेलं सुती कापड, त्याला तेल लावलेलं. हवा सहज जाते, धुऊन परत वापरता येतो. रेसिंगवाल्यांना आणखी काय हवं? पण त्यांचं इंजिन वरचेवर उघडलं जातं. माझं इंजिन न उघडता अजून लाखभर मैल चालायला हवंय. हवा जेवढी मोकळी सोडाल तेवढी बारीक धूळ आत जाण्याचा धोका जास्त, इतका सरळ हिशोब आहे.

आणि मायलेज? ती गोष्ट कार्बुरेटरच्या जमान्यातली. तेव्हा फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त, धूर वेगळाच. फ्युएल इंजेक्शनमध्ये कॉम्प्युटर आलेली हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. साधा फीडबॅक लूप, आपल्या धंद्यातलाच. ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेले फिल्टर लावून नव्या गाड्या तपासल्या. पिकअप मंदावला (म्हणजे गाडीचा वेग पकडणं), मायलेज जवळपास तसंच राहिलं! म्हणजे मोकळ्या फिल्टरने पेट्रोल वाचेल ही आशाही गेली. वर सुती फिल्टरला तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं ते वेगळंच.

'थंड हवा' म्हणाल तर माझ्या गाडीचा कंपनीचा इनटेक फेंडरमधून बाहेरचीच हवा घेतो. कित्येक किटमधला उघडा फिल्टर उलट बॉनेटखालची गरम हवा ओढतो. शिवाय इथे किटवर राज्याच्या एअर बोर्डाचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी धुराच्या तपासणीत नापास.

त्या इनटेकचा आवाज मात्र जबरदस्त येतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मित्राच्या गाडीत बसल्यावर दोन मिनिटं विचार डळमळला होता.

शेवटी वीस डॉलरचा कागदी फिल्टर आणला, पाच मिनिटांत बसवला. रात्री फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बसवलास ते बरं केलंस, पण डब्याच्या कडेचं रबर पाहिलंस का? फटीतून धूळ जाते रे."

नव्हतं पाहिलं. टॉर्च घेऊन परत खाली गेलो.