स्वस्त तिकिटाचे मोल

विमान ही एके काळी धनिकांची आणि बड्या अधिकाऱ्यांची सवारी होती. आज आखातात नोकरीस निघालेला तरुण आणि लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई त्याच रांगेत उभी असतात. हा बदल आम्हांला स्वागतार्ह वाटतो. मात्र या स्वस्ताईचा भार कोणी उचलला, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१९५३ साली एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढील जवळजवळ चार दशके देशांतर्गत आकाश इंडियन एअरलाइन्सचे होते. भाडे जबर, प्रवासी थोडे, नोकरी मात्र कायमची, असा तो काळ. मुंबई परिसरातील कितीतरी ख्रिस्ती घरांतील मुले त्या पगारावर शिकली. तरीही तो काळ सर्वस्वी न्यायाचा होता, असे म्हणवत नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीस पहिल्या गर्भारपणीच नोकरीस मुकावे लागे. ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रद्द ठरविली.

१९९४ मध्ये १९५३ चा तो कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांची वाट पुरती मोकळी झाली. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त प्रवासाचे पर्व सुरू केले. काही तिकिटे तर एक रुपया भाड्याने विकली गेली. भाड्यांची चढाओढ पेटली. इंधनाचा भाव आणि विमानतळाचे शुल्क कंपनीच्या हाती नव्हते. पगार मात्र तिच्या हाती होता. किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांनी कित्येक महिने वेतनाविना काढले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची उड्डाणे थांबली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजच्या शेवटच्या विमानाने उड्डाण केले, तेव्हाही पगार थकलेलेच होते. या कंपन्या बुडण्यास कर्ज, महाग इंधन, कारभारातील दोष अशी अनेक कारणे होती. परंतु ती निर्माण करण्यात सामान हाताळणाऱ्या कामगाराचा हात नव्हता.

प्रवाशाच्या वागणुकीचाही इतिहास आहे. उद्धटपणा स्वस्त तिकिटाबरोबर आला, असे मानणे चूक ठरेल. मार्च २०१७ मध्ये पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका खासदारांनी, विमानात बिझनेस क्लास नव्हता म्हणून, एअर इंडियाच्या अधिकाऱ्यास चपलेने मारले आणि ते जाहीरपणे सांगितलेही. त्याच वर्षी सप्टेंबरात बेशिस्त प्रवाशांवर विमानबंदी घालण्याचे नियम आले. डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूल-दिल्ली विमानात जेवणावरून वाद झाला, तेव्हा इंडिगोच्या हवाई सेविकेला आपण कर्मचारी आहोत, कुणाचे नोकर नाही, हे प्रवाशास बजावावे लागले.

डिसेंबर २०२५ मध्ये याच इंडिगोची घडी विस्कटली. वैमानिकांना अधिक विश्रांती देणारे नियम लागू झाले होते आणि कंपनीची तयारी अपुरी पडली. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. इतर विमानांची भाडी इतकी भडकली की सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. कोणाचे लग्न चुकले, कोणाची परीक्षा. लोकांचा संताप रास्त होता. पण तो झेलला विमानतळाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या तरुण मुलामुलींनी. वेळापत्रक त्यांनी आखले नव्हते, की वैमानिकांची भरतीही त्यांच्या हाती नव्हती.

कमी भाड्याची अपेक्षा गैर नाही, आणि तक्रारीचा हक्कही सोडू नये. ती लेखी करावी, कंपनीकडे व सरकारकडे करावी, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. समोरच्या मुलीवर आवाज चढवून भाडे परत मिळत नाही. तिचा पगार वेळेवर झाला आहे की नाही, हे तिकिटावर कोठेही छापलेले नसते. तेव्हा खिडकीपाशी पोहोचल्यावर आधी तिला नमस्कार करावा आणि मग आपले गाऱ्हाणे सांगावे, एवढे आम्ही आपल्या कुटुंबांस सुचवतो.