वेलनेस प्रोग्रॅमचा फॉर्म भरला नाही तर महिन्याला १०० डॉलर : अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत कर्मचारी का भडकले होते?

समजा, उद्या सकाळी तुम्हाला एचआरचा मेल आला. मेलमध्ये लिंक, लिंकवर एक लांबलचक फॉर्म. वजन किती, दारू किती घेता, साहेबांशी किंवा सहकाऱ्याशी खटके उडतात का, नुकताच घटस्फोट झालाय का, पैशांची ओढाताण आहे का. महिला कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक प्रश्न : येत्या वर्षभरात बाळाचा विचार आहे का?

आणि सोबत सूचना. हा फॉर्म भरला नाही, तपासणी केली नाही, तर दर महिन्याला १०० डॉलर जादा भरावे लागतील.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजेच पेन स्टेटच्या कर्मचाऱ्यांवर हीच वेळ आली होती. पुढे काय झालं ते बघूच. पण त्याआधी मुळात युनिव्हर्सिटीला कर्मचाऱ्यांच्या बीपी-शुगरशी काय देणंघेणं, हे समजून घेऊ.

विमा नोकरीला का बांधलेला असतो?

अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या बहुतेक लोकांना आरोग्य विमा मिळतो तो नोकरीतून. याची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. १९४२ मध्ये सरकारनं पगारवाढीवर मर्यादा घातली. पगार वाढवता येईना, मग माणसं टिकवायची कशी? कंपन्यांनी विम्यासारखे फायदे द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या करकायद्यानं या विम्यावर कर्मचाऱ्याला कर लागणार नाही हे पक्कं केलं आणि ही पद्धत कायमची रुजली.

हा विमा स्वस्त नाही. केएफएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता होता २५,५७२ डॉलर. त्यातले सरासरी ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून जात होते, बाकीचे मालक भरत होता.

आता मोठी युनिव्हर्सिटी म्हणजे हजारो कर्मचारी. प्राध्यापक, क्लार्क, लॅबमधले तंत्रज्ञ, सफाई कामगार, सगळे त्यात आले. अनेक मोठ्या युनिव्हर्सिट्या विमा कंपनीकडून नुसतं कागदपत्रांचं काम करून घेतात आणि उपचारांची बिलं स्वतःच्या तिजोरीतून भरतात. म्हणजे कर्मचाऱ्याची बायपास झाली की त्याचा खर्च थेट युनिव्हर्सिटीच्या अंगावर. कर्मचारी आजारीच कमी पडले तर खर्च वाचेल, या हिशेबातून आला वेलनेस प्रोग्रॅम.

वेलनेस प्रोग्रॅममध्ये असतं काय?

साधारण तीन गोष्टी असतात.

१. प्रश्नावली : खाणं, झोप, व्यसनं, ताण, जुने आजार यांची माहिती ऑनलाइन भरायची.

२. बायोमेट्रिक स्क्रीनिंग : आपल्याकडे बायोमेट्रिक म्हटलं की हजेरीसाठी अंगठा लावणं आठवतं. इथे अर्थ वेगळा आहे. उंची, वजन, कंबरेचं माप, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची मोजणी.

३. उपक्रम : जिमचे वर्ग, सिगारेट सोडण्यासाठी मदत, वजन कमी करण्याचे गट, रोज अमुक पावलं चालण्याच्या स्पर्धा.

यात भाग घेणाऱ्याला गिफ्ट कार्ड मिळतं किंवा हप्त्यात सूट मिळते. काही ठिकाणी उलट असतं. भाग घेणाऱ्याला काही मिळत नाही, पण न घेणाऱ्याला भुर्दंड बसतो. खरा वाद इथेच सुरू होतो.

पेन स्टेटमध्ये काय झालं?

२०१३ च्या उन्हाळ्यात पेन स्टेटनं योजना जाहीर केली. कर्मचाऱ्यानं प्रश्नावली भरायची, स्क्रीनिंग करून घ्यायचं आणि डॉक्टरांकडून वार्षिक तपासणी करून घेण्याचं कबूल करायचं. विम्यात नवरा किंवा बायको असेल तर त्यांनाही हे करावं लागणार होतं. नाही केलं तर पुढच्या जानेवारीपासून महिन्याला १०० डॉलर, म्हणजे वर्षाला १,२०० डॉलर जादा.

युनिव्हर्सिटीचं म्हणणं होतं, विम्याचा खर्च वाढत चाललाय आणि आजार लवकर कळला तर सगळ्यांचंच भलं होईल.

प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना हे पटलं नाही. ही प्रश्नावली वेबएमडी ही बाहेरची कंपनी चालवत होती. लग्न, पैसे, बाळाचा विचार असली माहिती तिसऱ्याच कंपनीकडे का द्यायची? ऑनलाइन याचिका निघाली आणि तिच्यावर २,००० हून जास्त सह्या झाल्या. बातमी राष्ट्रीय वर्तमानपत्रांत पोचली. अखेर १८ सप्टेंबर २०१३ रोजी युनिव्हर्सिटीनं १०० डॉलरचा भुर्दंड थांबवत असल्याचं जाहीर केलं.

थोडक्यात, तपासणीला कुणाचा विरोध नव्हता. "नाही" म्हणण्याची किंमत लावली गेली, याला विरोध होता.

येलमध्ये प्रकरण कोर्टात गेलं

नामांकित येल युनिव्हर्सिटीतही असाच वाद झाला. तिथे युनियनमधल्या कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे कारकुनी, तांत्रिक आणि देखभालीचं काम करणाऱ्यांसाठी एक योजना होती. कर्मचारी आणि त्याच्या जोडीदारानं मॅमोग्राफी, कोलोनोस्कोपी, मधुमेहाची चाचणी अशा ठरलेल्या तपासण्या करायच्या आणि त्याची माहिती द्यायची. योजनेतून बाहेर राहायचं तर आठवड्याला २५ डॉलर भरायचे. २५ डॉलर किरकोळ वाटतात, पण वर्षाचे होतात १,३०० डॉलर.

२०१९ मध्ये काही कर्मचारी कोर्टात गेले. ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणाऱ्या एएआरपी फाउंडेशननं त्यांना साथ दिली. त्यांचा मुद्दा सरळ होता : पैसे कापून घेताय, तर याला ऐच्छिक कसं म्हणायचं? येलनं आपली चूक मान्य केली नाही, पण २०२२ मध्ये १२ लाख ९० हजार डॉलर देऊन तडजोड केली. पुढची चार वर्षं हा भुर्दंड घेणार नाही, असंही ठरलं.

कायद्यातला 'ऐच्छिक' म्हणजे किती ऐच्छिक?

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी अमेरिकेत १९९० चा कायदा आहे. कामाशी संबंध नसताना मालकानं कर्मचाऱ्याची वैद्यकीय चौकशी करायची नाही, असं तो सांगतो. अपवाद एकच, आरोग्य कार्यक्रम 'ऐच्छिक' असेल तर चालेल.

२०१० चा ओबामांचा आरोग्य कायदा मात्र वेलनेसला प्रोत्साहन देणारा होता. ठरावीक आरोग्यनिकष पूर्ण करण्याशी जोडलेलं बक्षीस किंवा दंड विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत चालेल, तंबाखूच्या बाबतीत ५० टक्क्यांपर्यंत, असं त्यात ठरलं.

आता एक कायदा म्हणतो ऐच्छिक हवं, दुसरा म्हणतो ३० टक्के चालेल. समान रोजगार संधी आयोगानं २०१६ मध्ये ३० टक्क्यांचीच रेघ 'ऐच्छिक'साठीही ओढली. एएआरपी त्याविरुद्ध कोर्टात गेली. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की एवढी रक्कम असूनही कार्यक्रम ऐच्छिक कसा राहतो, याचं पटणारं कारण आयोगानं दिलेलं नाही. १ जानेवारी २०१९ पासून तो नियम रद्द झाला. २०२१ मध्ये आयोगानं नवा मसुदा आणला आणि महिन्याभरात मागे घेतला. त्यामुळे किती रकमेपर्यंत कार्यक्रम 'ऐच्छिक' मानायचा, याचा आकडा आयोगाच्या नियमांत उरलाच नाही.

पण मुळात याचा उपयोग होतो का?

याचं उत्तरही एका युनिव्हर्सिटीनंच शोधलं, तेही स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग करून.

वेलनेसचा बोलबाला वाढण्यामागे २०१० चा एक गाजलेला अभ्यास होता. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला : वेलनेसवर १ डॉलर घातला की उपचारांचा खर्च सुमारे ३.२७ डॉलरनं कमी होतो. एवढा परतावा दिसल्यावर कोण मागे राहील?

२०१६ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसमध्ये डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ या अर्थतज्ज्ञांनी हे तपासायचं ठरवलं. १२ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना बोलावणं गेलं, ४,८३४ जणांनी सुरुवातीची पाहणी पूर्ण केली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. ३,३०० जणांना वेलनेस प्रोग्रॅम मिळाला, १,५३४ जणांना नाही.

निकाल २०१९ मध्ये आला. दोन वर्षांहून जास्त काळ उलटला तरी उपचारांचा खर्च, कामाची उत्पादकता, कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलेली तब्येत यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तपासण्या करून घेण्याचं प्रमाण तेवढं वाढलं.

मग जुन्या अभ्यासांत फायदा कसा दिसला? सोसायटीच्या गच्चीवर योगाचा वर्ग सुरू झाला, असं समजा. पहिल्या दिवशी चटई घेऊन कोण येतं? जे आधीपासून सकाळी फिरायला जातात तेच. वर्षानं त्यांची तब्येत घरी बसलेल्यांपेक्षा चांगली दिसली, तर ते श्रेय योगवर्गाचं की त्यांच्या मूळच्या सवयीचं?

इलिनॉयमध्ये नेमकं हेच दिसलं. जे कार्यक्रमात सामील झाले त्यांचा उपचारांचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीच्या वर्षीही कमीच होता. पगाराच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचे कर्मचारी तुलनेनं कमी आले.

आता हे भुर्दंडाशी जोडून बघा. न येणाऱ्यांत आजारी आणि कमी पगाराचे लोक जास्त असतील, तर न येण्याचा दंडही त्यांच्याच खिशातून जातो. कुणाची तब्येत सुधारली नाही तरी मालकाचा खर्च कमी झालेला दिसतो, कारण तो कर्मचाऱ्यावर सरकलेला असतो.

त्याच वर्षी आणखी एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बीजेज या दुकानसाखळीतले सुमारे ३३ हजार कर्मचारी, १६० ठिकाणं. तिथे दीड वर्षानं लोक म्हणाले की आम्ही व्यायाम जास्त करतो, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा खर्चात लक्षणीय फरक नव्हता. हा प्रयोग कुणी केला? साँग आणि बेकर, म्हणजे २०१० च्या अभ्यासातल्याच तिघांपैकी दोघांनी.

मग सगळंच फुकट?

तसंही नाही. इलिनॉयच्या कार्यक्रमामुळे 'माझा एक ठरलेला डॉक्टर आहे' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण दोन वर्षांत वाढलं. हे छोटं काम नाही.

शिवाय वेलनेसच्या गाजावाजात अमेरिकेतल्या नोकरीतले दोन कामाचे फायदे मागे राहतात. एक, बहुतेक विम्यांमध्ये रक्तदाब तपासणी, लसी, मॅमोग्राफी यांसारख्या प्रतिबंधक सेवा नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे घेतल्या तर वेगळे पैसे लागत नाहीत. हे २०१० च्या कायद्यानंच दिलंय, त्यासाठी वेलनेसचा फॉर्म भरायची गरज नाही. दोन, अनेक युनिव्हर्सिट्यांत कर्मचारी साहाय्य योजना असते. त्यात समुपदेशकाच्या काही भेटी मोफत मिळतात. पोस्टडॉक किंवा स्टाफ म्हणून तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींनी हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. विद्यार्थ्यांचा विमा बहुधा वेगळा असतो, त्याचे नियम वेगळे वाचावे लागतात.

फॉर्म भरण्याआधी काय विचारायचं?

पावलं मोजणारी ॲप्स आणि हेल्थ चेकअपचे कॅम्प आता पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांतही आलेत. त्यामुळे हे प्रश्न आपल्यालाही लागू पडतात.

• नाही म्हटलं तर काय होईल? बक्षीस मिळणार नाही, की पैसे कापले जातील?

• माहिती कुणाकडे जाते? अमेरिकेत कार्यक्रम विमा योजनेचा भाग असेल तर वैद्यकीय गोपनीयतेचा हिपा कायदा लागू होतो. मालक स्वतंत्रपणे चालवत असेल तर तो लागू होत नाही.

• साहेबांना माझा रिपोर्ट दिसतो, की फक्त सगळ्यांचा मिळून आकडा?

• घरच्यांच्या आजारांबद्दल विचारलंय का? आनुवंशिक माहितीच्या २००८ च्या कायद्यामुळे अमेरिकेत या उत्तरासाठी बक्षीस किंवा दंड लावता येत नाही.

• नोकरी सोडल्यावर माझी माहिती पुसली जाते का? भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि विनाअट असावी लागते. संमती कशासाठी मागितली आहे, ते वाचून मगच बटण दाबा.

बीपी जरूर मोजून घ्या. कॅम्प फुकट असेल तर आधी रांगेत उभे राहा. फक्त फॉर्मच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेन स्टेटच्या लोकांनी ती वाचली, म्हणून त्यांचे वर्षाचे १,२०० डॉलर वाचले.