नळीचं वरलं टोक

हुक्का म्हटलं की लोड, तक्के आणि गुडगुड आठवते. पण पाणबुड्यांच्या दुनियेतही हुक्का असतो, हे मला साठी उलटल्यावर मालवणला कळलं. यात धूर नाही. होडीत किंवा तरंगत्या ट्यूबवर छोटा कॉम्प्रेसर, त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला तुम्ही. गुडगुड होते, पण ती पोटात.

खरं तर हा शोध आम्ही 1971 सालीच नाशकात लावला होता. रामकुंडात भाविकांनी टाकलेली नाणी बुडी मारून काढणारी पोरं आम्ही काठावरून आशाळभूतपणे बघायचो. त्यांच्यासारखा दम आमच्यात नव्हता, डोकं होतं. (निदान दादाचं तसं मत होतं.) मामाच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेतली फवारणीची रबरी नळी दादानं पैदा केली. मोरचुदाचा वास जावा म्हणून ती धुतली होती, असं तो अजून शपथेवर सांगतो. दुर्योधन डोहात लपला तेव्हा त्याच्यापाशी जलस्तंभनाची विद्या होती. माझ्यापाशी नळीचं वरलं टोक धरून उभा असलेला दादा होता.

पुरुषभर पाण्यात तळाला बसलो मात्र, छातीवर कुणीतरी जातं ठेवलं. श्वास आत येईना! मीटरभर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला एक टनाचा दाब देतं. तेवढं ओझं लोटून वरची हलकी हवा ओढायची ताकद बरगड्यांत नसते. शिवाय लांब नळीत आपलाच उच्छ्वास पुन्हा आत येतो. हवा वरून दाबूनच पाठवावी लागते, हे शास्त्र आम्हांला फार उशिरा समजलं. त्या दिवशी दादानं मला केसांना धरून बाहेर काढलं आणि संध्याकाळी आईनं दोघांनाही सोलून काढलं.

थोरामोठ्यांनी हेच जरा नीट केलं. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेनं 1691 साली घंटेच्या आकाराची पेटी पाण्यात सोडली आणि हवेची पिंपं वजनं बांधून खाली धाडली. 1830 च्या दशकात ऑगस्टस सीबेचं शिरस्त्राण आलं. वर माणसं घाम गाळत पंप चालवायची. मग 1860 च्या दशकात फ्रान्समधले खाणीचे इंजिनिअर रूकेरोल आणि नौदलातले दनेरूझ यांनी श्वासापुरतीच हवा सोडणारी झडप बसवली. ज्यूल व्हर्ननं तेच यंत्र कॅप्टन नेमोला दिलं. नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, म्हणजे आपल्यातलाच. पण व्हर्ननं त्याची नळी कापून टाकली! 1943 साली कूस्तो आणि गान्यां यांनी सिलिंडर पाठीवर दिला आणि वरच्या माणसाची गरज संपली. बुडी मारणाऱ्यांची नावं ग्रंथांत सापडतात. पंप मारणाऱ्याचं नाव मला तरी एकाही ग्रंथात भेटलेलं नाही.

मालवणच्या होडीतल्या पोरानं बजावलं, "काकानू, वर येताना श्वास धरून ठेवू नकात." दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथली हवा छातीत कोंडून वर आलात तर ती फुगून फुप्फुसं फाडते. कॉम्प्रेसरनं इंजिनाचा धूर ओढू नये म्हणून हवेचं तोंड वाऱ्याकडे ठेवतात, हेही त्यानं दाखवलं.

खाली सुंदर मासे होते म्हणे. मी वर बघत होतो. बाहेर आलो तेव्हा पोरगा वैतागून म्हणत होता, "अहो आजोबा, पाईप सोडा आता! कॉम्प्रेसर आसा ना!"

दादानं मान हलवली. नळी त्याच्या मुठीतच होती.